अर्धा तास बाहेर

दोंडाईच्यात हस्तीमलशेठांना ओळखत नाही असा माणूस शोधायचा, तर कालच जन्मलेला शोधावा लागेल. मिरचीचा व्यापार, गावाबाहेर स्वतःचं कोल्ड स्टोरेज, आणि कुठल्याही विषयावरून निघून त्या कोल्ड स्टोरेजपाशीच येऊन टेकणारी जीभ, एवढी शेठजींची मालमत्ता. विषय लग्नाचा असो, निवडणुकीचा असो, की कुणी गेल्याच्या बैठकीतला असो, दहा मिनिटांत शेठजी तापमानावर येत. थंडीतून माल बाहेर आला की त्याचा रंग गेला, हे त्यांच्या आयुष्याचं सार होतं. ते त्यांनी बायकोला, मुलाला, सुनेला आणि हमालांना सारख्याच मायेने ऐकवलं होतं. पळून जाण्याची सोय फक्त हमालांना होती.

त्यांच्या पत्नी हीराबाई हे सगळं तेहेतीस वर्षं ऐकत आल्या होत्या. ऐकता ऐकता त्यांना सोरायसिस झाला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं डॉक्टर सांगतात.

कोपरं आणि गुडघ्यांवरचे चट्टे लुगड्याखाली झाकता येत. तळहात कुठे झाकणार? एकोणीस वर्षं ते तळहात सोलत होते. उन्हाळ्यात खपल्या, हिवाळ्यात भेगा, आणि बारा महिने सल्ले. पिंप्राळ्याच्या नणंदेने कडुनिंबाचं पाणी सांगितलं, ते केलं. कुणी वांगं सोडायला सांगितलं, कुणी दही. हीराबाईंच्या घरी कांदा-बटाटा आधीच वर्ज्य, त्यामुळे सोडण्यासारखं आता ताटच उरलं होतं. एका वैदूने काळं तेल दिलं. त्याने चट्टे गेले नाहीत, चार चादरी मात्र कायमच्या गेल्या. सल्ला देणारा प्रत्येक माणूस 'आमच्या ओळखीत एकाचं मुळापासून गेलं' असं सांगे, आणि तो एक माणूस कधी कुणाला भेटत नसे.

हे सगळं हीराबाईंनी हसून सोसलं. सोसवलं नाही ते मागच्या चातुर्मासात घडलेलं.

गावात महासतीजी, म्हणजे जैन साध्वी, आल्या होत्या. स्थानकात, समाजाच्या धर्मस्थानात, मुक्काम, आणि सकाळी गोचरीला, म्हणजे भिक्षेला, घरोघर. कुणाकडे जायचं ते आधी सांगायचं नाही, रोज त्याच घरी जायचं नाही, आणि त्यांच्यासाठी म्हणून वेगळं काही शिजवलेलं घ्यायचं नाही. आपल्या ताटातलं त्यांच्या पात्रात पडलं की ते घर धन्य. या घरात गोचरी घालण्याचा मान मोठ्या बाईचा. सासूबाई होत्या तोवर त्यांचा, नंतर हीराबाईंचा. मागच्या वर्षी महासतीजी दारात आल्या, हीराबाईंनी फुलका उचलला, आणि तळहाताची भेग उकलून फुलक्याच्या कडेला रक्ताचा थेंब लागला. महासतीजींनी पात्र मागे घेतलं. चिडून नव्हे, अगदी हळू. रक्त लागलेलं त्यांना चालत नाही, त्यांचा काही दोष नव्हता.

दोष नव्हता म्हणूनच ते जास्त लागलं. त्यानंतर सून रुची गोचरी घालू लागली आणि हीराबाई मागे हात जोडून उभ्या राहू लागल्या. समाजातल्या बायका फार समजूतदार. 'काकीजी, तुम्ही नुसतं बसा, पुण्य तेवढंच मिळतं,' असं म्हणत त्यांनी पापडाच्या लाट्या काढून घेतल्या, मग स्थानकातल्या बाळ-गोपाळांना वाटायची प्रभावनेची खाऊची पुडी काढून घेतली. हीराबाईंना मखरात बसवून ठेवलं होतं. आपल्या हाताने पात्रात एक फुलका घालायचा, एवढी एकच इच्छा त्यांनी धरली आणि कुणाला सांगितली नाही. रुचीला कळली, कारण ती त्याच स्वयंपाकघरात वावरत होती.

मार्चमध्ये रुचीनेच हट्ट करून धुळ्याचे चामडीचे डॉक्टर गाठले. डॉक्टरांनी तळहात उलटसुलट पाहिले आणि नवं इंजेक्शन सांगितलं. दर पंधरा दिवसांनी एक, मांडीत. तीन-चार महिन्यांत हात बरेच निवळतील, असं म्हणाले. हीराबाईंनी मनातल्या मनात महिने मोजले. आषाढ येत होता.

"हे फ्रिजमध्ये ठेवायचं," डॉक्टर म्हणाले.

झालं. एवढं एक वाक्य शेठजींच्या कानात शिरलं आणि पुढच्या वाक्यांना आत जागा उरली नाही. डॉक्टर काहीतरी सांगत होते, खोक्यातला कागद नीट वाचा म्हणत होते, आणि शेठजी त्यांना मिरचीला किती अंश लागतात ते समजावून देत होते. बाहेर वीस पेशंट बसले होते. डॉक्टरांनी मान हलवली आणि कंपाउंडरला हाक मारली.

त्या कंपाउंडरने सिरिंज फ्रिजमधून काढून एका ट्रेमध्ये ठेवली आणि तो चहाला गेला. पंखा फिरत होता, सिरिंज उघड्यावर पडली होती, आणि शेठजींचा जीव खालीवर होत होता. चांगल्या अर्ध्या तासाने तो कंपाउंडर मिशी पुसत आला आणि त्याने इंजेक्शन दिलं. हीराबाईंना जरा टोचल्यासारखं झालं. चिमटा म्हणावा तर तोही पुरता नव्हे.

"दुखलं नाही ना?" रुचीने विचारलं.

"दुखेल कसं?" बायकोच्या वतीने शेठजींनीच उत्तर दिलं. "माल पार गरम करून टाकला. त्यात काही उरलंय का? पुढचं सगळं मी बघतो."

आणि त्यांनी बघितलं. घरच्या फ्रिजमधला मधला कप्पा रिकामा झाला. त्यात कोल्ड स्टोरेजमधला थर्मामीटर आला. कुणी फ्रिज किती वेळ उघडायचा याचा नियम झाला. रुचीला दूध काढायचं असलं तरी आधी दार उघडण्याचं कारण मनाशी नक्की करावं लागे. खोक्यातल्या कागदावर, साठवणुकीचा मजकूर होता तेवढ्या चार ओळी शेठजींनी लाल पेनाने अधोरेखित केल्या आणि कागद घडी घालून स्वतःच्या कपाटात ठेवला. बाकीचा मजकूर डॉक्टर लोकांसाठी असतो, असं त्यांचं मत होतं.

दुसऱ्या इंजेक्शनच्या दिवशी, गुरुवारी, मगन आला. मगन हा गावातल्या एका दवाखान्यातला कंपाउंडर, हाताने हलका, स्वभावाने त्याहून मऊ. शेठजींनी फ्रिजमधली सिरिंज काढून बर्फाच्या थर्मासमध्ये ठेवली, थर्मास पलंगापर्यंत स्वतः आणला, आणि मगनचा हात तयार झाला तेव्हाच झाकण उघडलं.

"शेटजी, जराखं बाहेर राहू द्या ना," मगन म्हणाला. "मोठा दवाखानामा तसंच करतस."

"तू किती कोल्ड स्टोरेज चालवतोस रे?" शेठजींनी विचारलं.

मगन एकही चालवत नव्हता. त्याने सुई टोचली.

हीराबाईंच्या मांडीत कुणी मिरचीचं पाणी सोडलं असं त्यांना वाटलं. ती आग सुईच्या टोकापासून निघाली आणि गुडघ्यापर्यंत उतरली. त्यांनी पदराचा बोळा दातात धरला. डोळ्यांतून पाणी आलं ते कपाळावरचा घाम पुसायच्या निमित्ताने पुसलं. दहा मिनिटं त्यांना पलंगावरून उठता आलं नाही. शेठजी या वेळात थर्मामीटर बघत होते.

"तीन अंश," ते समाधानाने म्हणाले. "याला म्हणतात माल. आता खरं औषध लागलं. मागच्या वेळी पाणी टोचलं होतं त्याने."

या तर्काला तोड नव्हती. दुखलं नाही ते औषध वाया गेलं, दुखतंय ते कामाला लागलंय. हीराबाईंनाही ते पटलं. पटलं नसतं तरी फरक पडला नसता, पण पटलं हे खरं.

तिसरं, चौथं, पाचवं. सुईच्या आदल्या बुधवारी हीराबाई दिवसभर घड्याळ बघत राहत. गुरुवारी सकाळी त्यांना जेवण जात नसे, आणि हे ऐकून शेजारच्या बाई म्हणत, 'काकीजी गुरुवारचा उपवास पण धरायला लागल्या.' हीराबाईंना भेटायला येणाऱ्यांची रांग लागली. त्यातल्या एक धार्मिक मावशी हात हातात न घेता, लांबूनच म्हणाल्या, "दुखतंय ते चांगलंच आहे. साचलेलं कर्म झडतं. निर्जरा होते."

"मावशी, एक सुई तुम्हीही घ्या ना," हीराबाई म्हणाल्या. "तुमचंही थोडं झडेल."

मावशी पुन्हा आल्या नाहीत. औषधाचा तेवढा गुण लगेच दिसला.

शेठजींचा मात्र बाजारात वेगळाच रुबाब झाला. 'आमच्याकडे सुई फ्रिजमधून थेट मांडीत जाते, मध्ये हवा लागू देत नाही,' असं ते पेढीवर बसून सांगत. 'आमची हीरा हूं का चूं करत नाही,' असंही सांगत. हे खरं होतं. तोंडात पदर असल्यावर माणूस फारसं बोलत नाही.

सहाव्या इंजेक्शनच्या आदल्या संध्याकाळी हीराबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "रुची, मी उद्याचं घेत नाही. बस झालं. हात असेच राहू देत."

रुचीने त्यांचा तळहात धरला आणि खिडकीच्या उजेडात नेला. भेगा मिटल्या होत्या. मधोमध गुलाबी, नवी, लहान मुलाच्या टाळूसारखी कातडी आली होती. कडेला अजून दोन चट्टे होते, पण त्यांच्यातही पहिला जोर नव्हता.

"मम्मीजी, पंचवीस दिवसांत महासतीजी येतील," ती म्हणाली.

हीराबाईंनी हात मागे घेतला आणि उरलेली भाजी निवडली. दुसऱ्या दिवशी त्यांनी सहावं इंजेक्शन घेतलं. त्या वेळी त्यांना पहिल्यांदा वाटलं, की आपला हात बरा व्हायच्या आधी आपली हिंमत संपेल.

सातवं इंजेक्शन धुळ्याला होतं. तीन महिने झाले म्हणून डॉक्टरांनी तपासायला बोलावलं होतं. नेमकं त्याच दिवशी शेठजींना जळगावला नात्यातल्या एका सोयरिकीची बोलणी करायला जाणं भाग पडलं. ते नसते गेले तर तिथे तापमानावर कोण बोललं असतं? जाण्याआधी त्यांनी पत्नीच्या मांडीवर बर्फाचा डबा ठेवला आणि झाकणावर चिठ्ठी चिकटवली. 'सुई टोचेपर्यंत डबा उघडू नये.' मुलगा अखिल आईला दवाखान्यात सोडून बाजारात कामाला गेला.

बाकावर हीराबाईंच्या शेजारी एक शेतकरी बाई बसली होती. मंजुळाबाई नाव, शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातली. कोपरांवर तेच चट्टे, पण फिके पडलेले. तिच्या मांडीवर रुमाल, आणि रुमालावर तीच सिरिंज, खोक्याबाहेर, उघडी, जशी कुणी उन्हात पापड टाकून राखण करतं तशी.

हीराबाईंनी आजूबाजूला पाहिलं. शेठजी जळगावला होते, तरी त्यांना भीती वाटली.

"बाई, ती बाहेर का काढून ठेवलीत?" त्यांनी हळूच विचारलं.

"गार शे ना ती. अर्धा तास बाहेर ठेवनी पडस," मंजुळाबाई म्हणाल्या. "थंडीगार टोचशात तं आग व्हई, जीव जाई. डॉक्टरनी माले पहिलाच दिन सांगं. कागदवर बी लिखेल शे, मनी नातनी वाची दाखाडं."

"तुम्हाला दुखत नाही?"

"मुंगी चावस तितलंच. तुमले दुखस का?"

हीराबाई डब्याच्या झाकणावरची चिठ्ठी बघत होत्या.

"कोन देस तुमले सुई?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"कंपाउंडर देतो. पण बाकीचं सगळं आमचे हे बघतात."

"मना मालक तं सुई देखताच बाहेर पळी जास," मंजुळाबाई हसल्या. "म्हनीसन सगळं नीट चालू शे."

लग्नानंतर तेहेतीस वर्षांत हीराबाईंनी नवऱ्याच्या शब्दाबाहेर जाऊन केलेली मोठी गोष्ट म्हणजे एकदा चुलतबहिणीबरोबर न सांगता पाहिलेला सिनेमा. ही दुसरी. त्यांनी चिठ्ठी सोडवली, झाकण उघडलं, आणि सिरिंज काढून मंजुळाबाईंच्या रुमालाच्या दुसऱ्या टोकावर ठेवली. दोघी बायका दोन सुयांकडे बघत बसल्या. मध्येच मंजुळाबाई उठून पाणी पिऊन आल्या, तेवढा वेळ हीराबाईंनी दोन्हींची राखण केली.

अर्ध्या तासाने कंपाउंडरने बोलावलं. हीराबाईंनी सवयीने पदराचा बोळा करून दातात धरला आणि डोळे मिटले.

"झालं, आजी," कंपाउंडर म्हणाला.

"दे ना मग," हीराबाई पदरातून म्हणाल्या.

"दिलं. झालं."

त्यांनी डोळे उघडले. मांडीवर कापसाचा बोळा होता. आग नव्हती. त्या पलंगावर तशाच बसून राहिल्या आणि मग रडू लागल्या. कंपाउंडर घाबरला, त्याला वाटलं काही चुकलं. चुकलं होतं, पण त्याचं नव्हे. पाच वेळा, प्रत्येक वेळी दहा मिनिटं, आणि त्याआधीचे सगळे बुधवार. हे सगळं फुकट सोसलं होतं. त्याने ना हात लवकर बरा झाला, ना कसलं कर्म झडलं. नुसता थर्मामीटर खूश झाला. इतका राग हीराबाईंना कुणाचा कधी आला नव्हता.

तो राग त्यांनी धुळ्याहून दोंडाईच्यापर्यंत मांडीवर धरून आणला. शेठजी त्यांच्या आधीच घरी पोचले होते.

"बर्फ टिकला होता ना?" त्यांनी दारातच विचारलं.

"टिकला," हीराबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

सांगायचं होतं, पण त्यांनी आवरलं. सांगितलं असतं तर शेठजींनी डॉक्टरला फोन केला असता, मग कंपनीला पत्र लिहिलं असतं, मग घरात पंधरा दिवस तापमानावर परिषद भरली असती. चातुर्मास तोंडावर होता. तो शांततेत जावा, एवढंच त्यांना हवं होतं. पुढच्या वेळी गुपचूप सुई बाहेर काढून ठेवायची, शेठजी सकाळी स्थानकात असतील तेव्हा, आणि ते यायच्या आत पुन्हा फ्रिजमध्ये सरकवायची. इतकी साधी योजना त्यांनी केली. रुचीला सांगितली. रुची म्हणाली, मी लक्ष ठेवते.

महासतीजी आल्या. स्थानकात पताका लागल्या. पहिल्या तीन-चार दिवसांत त्या या गल्लीत फिरकल्या नाहीत, त्यांच्या क्रमात हे घर यायचं होतं. हीराबाई रोज साडेदहाला फुलके करून, हात धुऊन, कोरडे करून दारात उभ्या राहत. हात पाहून कुणी दचकत नव्हतं. शेजारच्या बाईंनी तर त्यांच्या हातचं पाणीही प्यायलं, आणि ते स्वतःच चार ठिकाणी सांगितलं.

आठव्या इंजेक्शनचा गुरुवार उजाडला. मगन अकराला येणार होता. दहा वाजून वीस मिनिटांनी हीराबाईंनी फ्रिज उघडला, सिरिंज काढली आणि स्वयंपाकघराच्या फळीवर एका ताटलीत ठेवली. प्रवचन संपलं की शेठजी स्थानकातच संघाच्या गप्पा मारून अकराला परत येत. हिशेब चोख होता.

पण त्या दिवशी शेठजी प्रवचन संपताच उठले. सुईची तयारी नीट व्हायला हवी ना. वाटेत बर्फ घेऊन आले, मागच्या दाराने.

आणि पुढच्या दारात रुचीचा आवाज आला. "पधारो, महासतीजी, पधारो."

दोन महासतीजी उंबऱ्यात उभ्या होत्या, हातात झोळी. त्यातल्या मोठ्या महासतीजी मागच्या वर्षीच्याच होत्या. हीराबाईंनी वंदन केलं आणि फुलक्यांचा डबा उचलला. पात्र पुढे आलं. हीराबाईंनी फुलका हातात घेतला. तळहात कोरडा, गुलाबी, अखंड होता. महासतीजींनी तो पाहिला. पाहिला हे हीराबाईंना कळलं.

त्याच क्षणी मागच्या दारातून शेठजी स्वयंपाकघरात शिरले आणि त्यांची नजर फळीवर गेली.

उघड्या ताटलीत पडलेला माल बघून त्यांचं भान सुटलं. समोर कोण उभं आहे ते त्यांनी पाहिलंच नाही. बर्फाची पिशवी त्यांनी ओट्यावर आपटली, ओल्या हाताने सिरिंज उचलून पिशवीत खुपसली, आणि पिशवी फाटली. बर्फाचे खडे फरशीवरून घरंगळत थेट महासतीजींच्या पायांपर्यंत गेले.

कच्चं पाणी आणि बर्फ म्हणजे सजीव. साधूला गोचरी घालताना घरात कुणी त्याला हात लावला, तो सांडला, तर ते घर त्या दिवसापुरतं बाद. असूझतं. हे शेठजींना हीराबाईंपेक्षा चांगलं माहीत होतं, ते संघाचे विश्वस्त होते.

महासतीजींनी दोन पावलं मागे घेतली. पात्र झोळीत गेलं.

"घर असूझतं झालं, बाई," त्या हळू म्हणाल्या. मग थांबून म्हणाल्या, "हात बरे झाले."

"महासतीजी, उद्या याल का?" हीराबाईंनी विचारलं. असं विचारायचं नसतं, तरी विचारलं.

"वर्तमान जोग," त्या म्हणाल्या. जमेल तेव्हा, जसं घडेल तसं. याहून जास्त वचन त्या कुणालाही देत नाहीत. "दया पालो," म्हणून त्या शेजारच्या घराकडे वळल्या.

हीराबाई फुलका हातात धरून उभ्या राहिल्या. तो त्यांनी डब्यात परत ठेवला आणि स्वयंपाकघरात आल्या. शेठजी खाली बसून बर्फ गोळा करत होते. मगनही तेवढ्यात येऊन दारात थबकला होता.

"तू माल बाहेर काढून ठेवला होतास," शेठजी म्हणाले. गोचरी गेल्याचं दुःख त्यांच्या आवाजात होतं, पण दुसऱ्या क्रमांकावर. "अख्खी साखळी तोडलीस. कळतंय का काय झालं असतं?"

"तो माल नाही," हीराबाई म्हणाल्या. "आणि ही मिरचीची गोणी नाही, माझी मांडी आहे. उठा."

शेठजी उठले. तेहेतीस वर्षांत त्यांना कुणी या सुरात उठवलं नव्हतं.

"रुची, यांच्या कपाटातला तो कागद आण. लाल रेघा आहेत त्याच्या खालचं वाच."

रुचीने कागद आणला आणि वाचला. टोचण्याआधी औषध अर्धा तास बाहेर ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावं. गार औषध टोचल्यास जास्त दुखू शकतं. साध्या मराठीत लिहिलेलं होतं. शेठजींनी कागद हातात घेतला, चष्मा लावला आणि स्वतः वाचला. मग मगनकडे पाहिलं.

"मी तं पहिलेच सांगेल व्हतं, शेटजी," मगन खाली बघत म्हणाला. "तुम्ही कोल्ड स्टोरेजनं विचारं."

हीराबाईंनी पिशवीतून सिरिंज काढली. ती दोन मिनिटंही बर्फात नव्हती, गोठलेली नव्हती. त्यांनी ती पुसून पुन्हा ताटलीत ठेवली आणि ताटली शेठजींच्या समोर, जेवायच्या पाटाशेजारी ठेवली.

"बसा इथे," त्या म्हणाल्या. "अर्धा तास. हात लावायचा नाही. गरम होताना बघा."

हस्तीमलशेठ बसले. अंगावर आलेल्या मुंगीला न झटकता बसावं लागतं तसे बसले. दोनदा त्यांचा हात ताटलीकडे गेला आणि हीराबाईंच्या नजरेने मागे आला. घड्याळाचा काटा सरकत होता, सिरिंजवरचा ओलावा वाळत होता, आणि त्यांच्या आयुष्याचं सार त्यांच्या डोळ्यांदेखत कोमट होत होतं. रुचीने फरशी पुसली.

"एकदा तरी सांगायचंस," बऱ्याच वेळाने शेठजी म्हणाले.

"एकदा तरी माझ्या तोंडाकडे बघायचं होतं," हीराबाई म्हणाल्या. "तुम्ही थर्मामीटर बघत होता. मला इतकं दुखायचं की मी सोडून देणार होते. हात बरे होत आलेले असताना सोडणार होते."

शेठजींनी तो कागद उघडून लाल रेघांखालचं पुन्हा वाचलं.

अर्धा तास झाला. मगनने सिरिंज घेतली. शेठजी पलंगाशेजारी उभे राहिले. या वेळी त्यांच्या हातात काहीही नव्हतं, त्यामुळे त्यांनी बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं. हीराबाईंनी पदर तोंडात घेतला नाही. सुई आत गेली, औषध गेलं, सुई बाहेर आली. त्यांची पापणीही लवली नाही. रुचीशी त्या संध्याकाळच्या भाजीबद्दल बोलत होत्या, ते वाक्य त्यांनी पुरं केलं.

"झालं?" शेठजींनी विचारलं.

"व्हयनं," मगन म्हणाला.

"इतकंच असतं?"

"इतकंच असतं," हीराबाई म्हणाल्या.

शेठजी त्यांच्याकडे बघत राहिले. या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं, म्हणूनच गार सुईच्या त्या पाच वेळी तिथे काय दिसत असेल ते त्यांना आता दिसलं. ते पलंगाच्या कडेवर बसले आणि त्या दिवशी पेढीवर गेले नाहीत.